एलेओनोराचा ससाणा घरी नव्हता

रजेच्या अर्जात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत लग्न, बारसे, आजारपण आणि चतुर्थी यापलीकडे त्यात काही लिहिण्याची वेळ आली नव्हती. एका जानेवारीत मी तिथे 'पक्षी पाहण्यासाठी सार्डिनिया बेट, इटली' असे लिहिले, तेव्हा आमच्या हेड क्लार्कने चष्मा कपाळावर चढवून विचारले, "का? रायबंदरचे बगळे संपले?"

प्रश्न रास्तच होता. पणजी-रायबंदर रस्त्यावरचा तो लांबलचक पूल पोर्तुगीजांनी १६३३-३४ साली बांधला. त्याच्या कडेच्या मिठागरांत शेकाटे लाल काड्यांसारखे पाय टाकत फिरतात, ते बसच्या खिडकीतून पाहतच मला या पक्ष्यांचा नाद लागला. पण सार्डिनियाला जाण्याची दोन कारणे होती. जहाजावर नोकरी करता करता इटलीत स्थिरावलेला माझा मावसभाऊ हल्ली काल्यारी शहरात हॉटेलात स्वयंपाकी आहे, म्हणजे राहण्याजेवणाचा खर्च नाही. दुसरे कारण म्हणजे एक ससाणा. चौदाव्या शतकातल्या एका राणीचे नाव त्याला दिलेले आहे. बी.ए.ला आम्हाला युरोपचा इतिहास होता, पण त्यात सार्डिनियाचे नाव इटलीच्या एकीकरणाच्या धड्यात 'पीडमाँट-सार्डिनियाचे राज्य' असे जोडशब्दात येई आणि नाहीसे होई. या बेटाला स्वतःचे राजे होते, राणी होती, कायदा होता, हे मला फार उशिरा एका पक्ष्याच्या पुस्तकातून कळले.

काल्यारीत उतरलो त्या दिवशी माएस्त्राले नावाचा वायव्येचा वारा सुटला होता. कानटोपी घालून दुसऱ्या दिवशी सकाळी मोलेंतार्ज्युस गाठले. शहराच्या मधोमध, एका बाजूला इमारती आणि दुसऱ्या बाजूला पोएत्तोची पुळण, त्यांच्या मध्ये खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण तळी, आणि त्या पाण्यात शेकडो रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. मागे कोणाच्या तरी गच्चीवर कपडे वाळत होते. रोहित म्हटला की कच्छचे रण आणि दुर्गम चिखल असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. इथे ते बसथांब्यावरून दिसतात. सार्डिनियन भाषेत त्यांना 'सा जेंती अरुब्या' म्हणतात, म्हणजे 'लाल माणसे'. पक्ष्यांना माणसे म्हणणारी भाषा मला तिथेच आवडून गेली.

मोलेंतार्ज्युस हे नावही माणसांवरूनच पडले आहे. 'मोलेंती' म्हणजे गाढव. मिठाच्या गोण्या गाढवांवर लादून नेणारे ते मोलेंतार्ज्युस. समुद्राचे पाणी आत घ्यायचे, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात खेळवत आटवायचे आणि शेवटच्या खणात मीठ पिकवायचे, हा क्रम आगरवाड्याच्या किंवा नेरूळच्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. एकोणिसाव्या शतकात इथे कैद्यांना जुंपून मीठ काढून घेत. त्याच शतकात, १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि आपल्या आगरांची रया गेली. मीठ ही वस्तू स्वस्त, पण तिच्यावर सत्ता फार जीव टाकते.

पाणी दूषित झाले म्हणून १९८५ साली काल्यारीचे हे मिठागर बंद पडले. माणूस गेला की निसर्ग आपोआप फुलतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. मिठागरात तसे होत नाही. पाणी कोणी खेळवले नाही तर एक खण कोरडा पडतो, दुसऱ्यात गोडे पाणी साचून बोरू माजतो, आणि खाऱ्या पाण्यातल्या किड्यांवर व कोळंबीच्या जातीच्या बारीक जिवांवर जगणारे पक्षी निघून जातात. म्हणजे पक्ष्यांसाठी का होईना, कोणीतरी आगर राखावेच लागते. १९९३ साली रोहितांनी इथे पहिल्यांदा घरटी केली आणि १९९९ साली या जागेचे रीतसर उद्यान झाले. मी गेलो तेव्हा उचाटे, शेकाटे, थापट्या बदके आणि पाणकावळे होते. गोड्या पाण्याच्या बाजूला वारकरी पक्ष्यांचा काळा मेळा जमला होता आणि बोरूतून जांभळी पाणकोंबडी शेपूट हलवत चालली होती. निम्मे पक्षी आपल्या ओळखीचेच. रायबंदरचे बगळे संपले का, या प्रश्नाचे उत्तर मला तिथे जरा जड गेले असते.

रात्री जेवताना मी भावाला विचारले, "तो एलेओनोराचा ससाणा पाहायला कुठे जायचे?" त्याने फोनवर इकडेतिकडे विचारले आणि हसू लागला. "दादा, इतके वाचतोस, हे वाचले नाहीस? तो आता मादागास्करमध्ये आहे."

चूक माझीच. तिकीट स्वस्त म्हणून जानेवारी धरला होता. हा ससाणा वसंताच्या अखेरीस भूमध्य समुद्रावर येतो, पण इतर पक्षी घरटी करतात तेव्हा हा करत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी युरोपातले लहान पक्षी थकलेभागले समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे निघतात. नेमक्या त्या वेळी याची पिल्ले अंड्यातून बाहेर आलेली असतात. बेटांच्या कड्यांवर वस्ती करून हे ससाणे वाऱ्याकडे तोंड करून हवेत वाट पाहतात आणि येणारा पाहुणा पिल्लांच्या तोंडी जातो. सार्डिनियाच्या नैर्ऋत्येला सान पिएत्रो नावाचे छोटे बेट आहे, तिथल्या कड्यांवर त्यांची मोठी वस्ती आहे. पिल्ले उडाली की सगळा कुटुंबकबिला मादागास्करला जातो. ससाणा घरी नव्हता, तेव्हा निदान ज्या राणीचे नाव त्याने घेतले तिचे घर पाहावे म्हणून मी ओरिस्तानोची आगगाडी पकडली.

मध्ययुगात सार्डिनियाची चार राज्ये होती: काल्यारी, तोर्रेस, गाल्लुरा आणि आर्बोरेआ. त्यांच्या राजाला राजा म्हणत नसत, 'जुदिके' म्हणत, म्हणजे न्यायाधीश. बाकीची तीन राज्ये बुडाली, ओरिस्तानोचे आर्बोरेआ तेवढे उरले आणि आरागॉनच्या राजांशी झुंजत राहिले. १३८३ साली तिथला राजा उगोने आणि त्याची मुलगी यांचा बंडात खून झाला. उगोनेची बहीण एलेओनोरा पुढे आली आणि आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार पाहू लागली. तिचा नवरा ब्रांकालेओने दोरिया वाटाघाटींसाठी आरागॉनच्या राजाकडे गेला, तर त्याला तिथेच अडकवून ठेवले. १३९० सालापर्यंत तो सुटला नाही. नवरा शत्रूच्या कैदेत, मूल लहान, भावाच्या खुनाचे रक्त अजून वाळलेले नाही, अशा अवस्थेत या बाईने राज्य राखले. आपल्याला ताराराणी आठवावी असा हा प्रसंग आहे, पण तुलना इथेच थांबवतो. प्रत्येक दूरच्या माणसाला आपल्या घरातला नातेवाईक ठरवण्याची सवय चांगली नव्हे.

वडील मारियानो चौथे यांनी केलेल्या कायद्यांना सुधारून तिने 'कार्ता दे लोगु' ही १९८ प्रकरणांची संहिता जारी केली. परंपरेने तिची तारीख १४ एप्रिल १३९२ मानतात. ती लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या सार्डिनियन भाषेत आहे. लोकांची भाषा मोडून काढणारा १६८४ सालचा व्हाइसरॉयचा हुकूम ज्या गोव्याने सोसला, तिथून आलेल्या माणसाला या एका गोष्टीपाशी थबकावेसे वाटते. संहितेत आगीविषयी प्रकरणे आहेत: शेतातला खुंट ८ सप्टेंबरच्या सांता मारियाच्या सणाआधी जाळायचा नाही, आणि जूनअखेरच्या सान पिएत्रोच्या सणापर्यंत गावाने वणवा अडवणारे पट्टे साफ करून ठेवायचे. सार्डिनियातले वणवे पाहता आजचा वनाधिकारीही यात फारसे बदल करणार नाही. एखाद्या मुलीवर बळजबरी झाली तर गुन्हेगाराने तिच्याशी लग्न करायचे, पण तिला तो पसंत असेल तरच, नाहीतर तिच्या लग्नाचा हुंडा त्याने भरायचा. चौदाव्या शतकात 'तिला पसंत असेल तर' हे शब्द कायद्यात येणे मला मोठे वाटते. त्याच संहितेत दंड भरता न आल्यास हात तोडण्याच्या शिक्षाही आहेत, हे विसरून चालणार नाही.

आणि याच संहितेत बाज व ससाणा यांना घरट्यातून काढून नेण्यास मनाई आहे. या प्रकरणावरूनच 'पक्षिरक्षणाचा जगातला पहिला कायदा करणारी राणी' असे तिचे नाव पर्यटकांना सांगितले जाते.

मला हे पटत नाही. बाज आणि ससाणे हे सरदारांच्या शिकारीचे हत्यार होते. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यातही राजाच्या करमणुकींत श्येनविनोद आहे. घरट्यातले पिल्लू गरिबाने उचलून विकले तर सरदाराच्या हातावर काय बसणार? म्हणजे कायदा पक्ष्याच्या कळवळ्याने झालेला दिसत नाही, मालकाच्या हक्काने झालेला दिसतो. शिवाय त्यात 'एलेओनोराचा ससाणा' असा कोणी वेगळा पक्षी नाहीच. ते नाव तूरीनचे प्राणिशास्त्रज्ञ जुझेप्पे जेने यांनी १८३९ साली दिले. तरीही मालकीसाठी का होईना, ज्या कड्यावर चढायचे नाही असे ठरले त्या कड्यावरची पिल्ले वाचली असणार. कायद्याचा हेतू एक आणि फळ दुसरे, असे सरकारी फायलींत आयुष्य घालवलेल्या माणसाने कमी वेळा पाहिलेले नसते.

राणी १४०४च्या सुमारास वारली. १४०९ साली सान्लुरीच्या लढाईत आर्बोरेआचे कंबरडे मोडले आणि १४२० साली उरलेसुरले राज्य एक लाख सुवर्णफ्लोरिनांना विकले गेले. पण पुढच्याच वर्षी जेत्या आरागॉनने पराभूत राणीची संहिता जवळजवळ सगळ्या बेटाला लागू केली, आणि ती १८२७ सालापर्यंत टिकली. एका बुडालेल्या राज्याचा कायदा चारशे वर्षे चालला.

एवढे खरे पुरेसे नव्हते म्हणून की काय, १८४०च्या दशकात आर्बोरेआचे वैभव गाणारी जुनी कागदपत्रे अचानक सापडू लागली. विद्वान भारावले. १८७० साली बर्लिनच्या अकादमीने, मोम्सेनसारखा इतिहासकार नेमून, ती बनावट ठरवली. तरी राणीची कीर्ती काही ओसरली नाही. ओरिस्तानोच्या चौकात तिचा १८८१ सालचा संगमरवरी पुतळा हातात संहिता घेऊन उभा आहे. मी गेलो तेव्हा तिच्या डोक्यावर एक कबुतर बसले होते.

शेवटच्या दिवशी भावाच्या ओळखीचा एक पक्षिमित्र मला काल्यारीच्या पश्चिमेच्या डोंगरात घेऊन गेला. हिवाळ्यात उत्तर युरोपातले कस्तुर आणि रॉबिन पक्षी मर्टल आणि आर्बुटसची फळे खायला इथल्या झुडपांत उतरतात. कस्तुर खारवून, उकडून, मर्टलच्या पाल्यात गुंडाळून आठ-आठच्या जुड्यांनी खाण्याची इथे जुनी चाल आहे. 'पिल्लोनिस दे ताक्कुला' म्हणतात त्याला. इटलीच्या १९९२च्या कायद्याने फासे आणि जाळी बंद आहेत, तरी हिवाळा आला की डोंगरात फासे लागतात आणि स्वयंसेवक ते शोधत फिरतात. कायद्याने बाजाचे घरटे राखले त्या काळात कस्तुराला कोणी विचारले नव्हते. आता कायदा कस्तुराचाही आहे, पण जुडी बांधणारे हात थांबलेले नाहीत.

एका पायवाटेवर तो थांबला आणि त्याने झुडपातली फांदी बाजूला केली. दोन काटक्यांच्या मध्ये, पक्ष्याच्या मानेच्या उंचीवर, नायलॉनचा बारीक फास लोंबत होता. त्याने तो कसा काम करतो ते इटालियनमध्ये हातवारे करून सांगायला सुरुवात केली. मी मान डोलावत राहिलो. लहानपणी मे महिन्यात मामाच्या गावी आम्ही पोरे तंगुसाचे असेच फासे करून कवड्यांसाठी लावत असू. भारतातला वन्यजीव कायदा १९७२चा, म्हणजे तेव्हाही तो होता. एकदा फासात कवडा सापडला नाही, एक दयाळ सापडला. सकाळपर्यंत तो जिवंत होता. मामीने तो पाहिला आणि दिवसभर आमच्याशी बोलली नाही.

त्या पक्षिमित्राने खिशातून छोटी कात्री काढली. मी हात पुढे केला, आणि कात्री न घेताच फास सोडवून त्याच्या हातावर ठेवला. गाठ तीच होती.