जीपवाल्यांचा संघ : महिंद्रा युनायटेड आणि सीमाभागातला एक प्रेक्षक

आपल्या मंडळात निबंध वाचले जातात ते बहुधा वीरगळ, ताम्रपट, नाहीतर देसायांच्या वाड्यातल्या कागदांवर. फुटबॉलचा संघ, तोही मुंबईतला आणि २०१० साली बंद पडलेला, या यादीत कसा बसतो, असं कुणीही विचारेल. माझ्या मते बसतो. देवळाचा जीर्णोद्धार कुणी केला ते निदान दगडावर कोरलेलं सापडतं. आपल्या डोळ्यांदेखत मोठ्या झालेल्या आणि संपलेल्या संस्थेची मात्र पंधरा वर्षांत नावनिशाणी उरत नाही.

आधी चिकोडीचा संबंध सांगतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यानंतर आपण म्हैसूर राज्यात गेलो, पण नोकरीची वाट बरीचशी तीच राहिली. निपाणीला हायवेवर एसटी पकडायची नाहीतर कोल्हापूरला जाऊन महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचं, आणि सकाळी मुंबई. माझ्यासारखे डिप्लोमा, डिग्री झालेले पुष्कळ जण असेच गेले. खेळाच्या बाबतीत तर ही वाट आणखी जुनी. १९३७ साली मुंबईचा रोव्हर्स करंडक ‘बंगळूर मुस्लिम्स’ या संघानं जिंकला होता. १८९१ पासून चाललेली, गोऱ्या पलटणींनी गाजवलेली ती स्पर्धा. ती जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. म्हणजे कर्नाटकाचा आणि मुंबईतल्या फुटबॉलचा सोयरसंबंध आमच्या पिढीनं जोडलेला नाही.

महिंद्राचं नाव मात्र आम्हाला फुटबॉलच्या आधीपासून माहीत होतं, ते वडापमुळं. चिकोडी-निपाणी रस्त्यावर जीप भरली की सुटायची. आत किती माणसं आणि मागं लटकलेली किती, हा हिशेब कुणी करत नसे. त्याच कंपनीचा फुटबॉल संघ आहे आणि त्याला ‘जीपमेन’ म्हणतात, हे मुंबईत गेल्यावर कळलं. आता गावाकडची जीप ती आपली जीप. मी त्या कंपनीत कधी नोकरी केली नाही, पण संघ ठरला तो तिथंच.

संघ १९६२ चा. त्या काळी मुंबईतलं फुटबॉल म्हणजे मुख्यतः कंपन्यांचं आणि सरकारी खात्यांचं फुटबॉल. टाटा, रेल्वे, एअर इंडिया, पुढं कापडधंद्यातले मफतलाल आणि ऑर्के, अशी नावं हार्वुड लीगमध्ये असत. ही लीग १९०२ पासूनची. व्यवस्था साधी होती. खेळाडूला नोकरी मिळायची, सरावासाठी सवलत मिळायची, आणि पाय थकल्यावर पेन्शनीपर्यंत टेबल असायचं. गरीब घरातल्या पोरानं खेळावं की नाही, याचं उत्तर या एका गोष्टीवर ठरायचं.

सामने कूपरेजला. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत गेलं की मैदान. कूपरेज म्हणजे लाकडी पिंपं बनवायची जागा. कंपनी सरकारच्या काळात तिथं तो उद्योग चालायचा, त्यावरून हे नाव पडलं. आमच्या वर्कशॉपमधले दोघे-तिघे कोल्हापूरचे होते, त्यांच्याबरोबर मी जायचो. मुंबईचे प्रेक्षक बसून टाळ्या वाजवणारे. आमच्या कोल्हापूरकरांचं तसं नव्हतं. एकानं शिट्टी मारली की दुसरा पंचाच्या सात पिढ्यांची चौकशी सुरू करायचा. पुढच्या रांगेतले लोक मागं वळून बघायचे आणि पाच मिनिटांनी तेही ओरडायला लागायचे. मध्यंतराला खारे शेंगदाणे आणि कटिंग चहा. पाऊस असला की मैदानाचा चिखल व्हायचा आणि आमच्या मते तेच खरं फुटबॉल.

१९९८ साली संघानं ड्युरँड करंडक जिंकला. २००० साली नाव बदलून ‘महिंद्रा युनायटेड’ झालं, २००१ साली ड्युरँड पुन्हा आला आणि २००३ साली फेडरेशन चषक. पण कळस झाला २००५-०६ च्या हंगामात. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा, पुढच्या फळीत ब्राझीलचा बरेटो आणि घानाचा याकुबू, आणि बाजूनं मुंबईचाच स्टीव्हन डायस. फेडरेशन चषकही घेतला आणि राष्ट्रीय लीगही जिंकली. तोवर हे विजेतेपद बंगाल, गोवा आणि पंजाबबाहेर गेलं नव्हतं. महाराष्ट्रात ते पहिल्यांदा आलं. २००७ साली हा संघ आशियाई एएफसी चषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोचला, २००८ साली तिसऱ्यांदा ड्युरँड जिंकला.

आणि २०१० च्या मार्चमध्ये जाहीर झालं की हा हंगाम संपला की संघ बंद. यापुढं शालेय फुटबॉलसाठी काम करू, असं कंपनीनं सांगितलं. पुढच्याच वर्षी पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबचा जेसीटीही बंद पडला. रोव्हर्स करंडक तर २००१ नंतर भरलाच नव्हता.

मी कंपनीला बोल लावणार नाही. जवळजवळ पन्नास वर्षं तिनं पदरमोड करून संघ सांभाळला, हे थोडं नाही. प्रश्न रचनेचा आहे. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं बांधकाम एकाच खांबावर उभं होतं. खांब कितीही भक्कम असला तरी तो काढायचा ठरला की छत खाली येणारच. त्या संघाला आमच्यासारखे प्रेक्षक होते, पण सभासद नव्हते. बंद करण्याआधी ज्यांना विचारावं लागेल, असं कुणी नव्हतंच.

याच्या उलट चित्र आपल्या शेजारी आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. यांतल्या बऱ्याच नावांत ‘तालीम’ आहे, कारण मूळ जागा कुस्तीच्या आखाड्याची. लाल मातीतली ईर्षा तशीच्या तशी फुटबॉलमध्ये आली. यांतल्या एकाही संघानं राष्ट्रीय लीग जिंकलेली नाही. पण तालीम ही गल्लीची, पेठेची असते. वर्गणी, गणपती, मिरवणूक, निवडणूक, सगळं तिच्याभोवती. एक देणगीदार गेला तर दुसरा उभा राहतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

तालमींना नोकरी देता येत नाही, ही त्यांची मर्यादा. कंपनीला पेठ नव्हती, ही तिची. म्हणून महिंद्रा गेल्यावर मुंबईत कुठल्या गल्लीत चूल बंद राहिली नाही. हळहळलो ते आम्ही, कूपरेजला येणारे शे-दोनशे लोक. तेही आता ठाणे, कोल्हापूर, चिकोडी असे पांगलेले. त्या संघाचा खालिद जमील २०२५ साली भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला, तेव्हा एका जुन्या सोबत्याचा फोन आला. “आपला माणूस!” एवढंच म्हणाला. अजून ‘आपला’ म्हणतो, बघा.

मोठ्या संघांची निदान आकडेवारी तरी राहते. चिकोडी, निपाणी, संकेश्वरच्या पटांगणांवर खेळून गेलेल्या मंडळांची तीही राहत नाही. म्हणून मंडळाच्या वाचकांना विनंती. कबड्डी असो, व्हॉलीबॉल असो की फुटबॉल, बंद पडलेल्या कुठल्याही संघाचा ग्रुप फोटो, वर्गणीची पावती, स्पर्धेचं हँडबिल घरात असेल तर टाकू नका. फोटोच्या मागं पेन्सिलीनं नावं आणि साल लिहा, आणि आमच्याकडं आणून द्या. स्कॅन करून मूळ प्रत परत देऊ. नावं ओळखणारी माणसं आहेत तोवर हे काम उरकलं पाहिजे.