सहा मिनिटांचा ‘एलियन’: टीव्हीचा सिग्नल खरंच पळवता येतो?

आजची गोष्ट ऐकायला भुताटकीसारखी वाटेल, पण घडलेली आहे.

२६ नोव्हेंबर १९७७, शनिवार. दक्षिण इंग्लंड. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सदर्न टेलिव्हिजनवर अँड्र्यू गार्डनर बातम्या देतायत. अचानक घरघर होते, त्यांचा आवाज गायब होतो आणि एक विचित्र, खोल आवाज बोलायला लागतो. चित्र मात्र तेच. आवाज म्हणतो, मी ‘अष्टार गॅलॅक्टिक कमांड’चा प्रतिनिधी. माणसांनो, शस्त्रं टाका, वेळ थोडा उरलाय! साधारण सहा मिनिटं हे चालतं. आवाज पूर्ववत होतो तेव्हा पडद्यावर कार्टून सुरू असतं. घाबरलेल्या लोकांचे फोन आले, चॅनेलने माफी मागितली. करणारा आजपर्यंत सापडलेला नाही.

मग हे एलियन की थट्टा? इथे आपण दोन प्रश्नांची खिचडी करतो. पहिला, सिग्नल खरंच पळवला गेला का? दुसरा, संदेश खरा होता का?

पहिल्याचं उत्तर हो. हॅनिंग्टनचा ट्रान्समीटर आइल ऑफ वाइट बेटावरच्या रोरिज ट्रान्समीटरचा सिग्नल हवेतूनच पकडायचा आणि पुढे पाठवायचा. म्हणजे त्याच्या रिसीव्हरजवळ जाऊन त्याच फ्रिक्वेन्सीवर जरा जोरात बोललात की झालं! लांबून आलेल्या मूळ सिग्नलपेक्षा जवळचा छोटा ट्रान्समीटरही भारी पडतो. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. रिसीव्हर ‘तू कोण?’ असं विचारतच नव्हता. शिवाय तिथे टीव्हीचा आवाज एफएमवर असायचा, आणि एफएममध्ये जोरदार सिग्नल दुबळ्याला जवळजवळ पूर्ण गिळतो. फक्त आवाजच का बदलला, याचं हे पटण्यासारखं कारण आहे.

दुसऱ्याचं उत्तर नावातच आहे. ‘अष्टार’ हे नाव १९५२ पासून अमेरिकेतल्या उडत्या तबकड्यांच्या भक्तमंडळींत फिरत होतं. जॉर्ज व्हॅन टॅसल नावाचे गृहस्थ अष्टारचे संदेश आपल्याला येतात असं सांगायचे. आता सांगा, परग्रहावरून आलेला पाहुणा पृथ्वीवरच्याच पुस्तकांतलं नाव का घेईल?

दहा वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९८७ ला शिकागोत एकाच रात्री दोन चॅनेल पळवले गेले. मॅक्स हेडरूम या टीव्हीवरच्या पात्राचा मुखवटा घातलेला माणूस आधी डब्ल्यूजीएनच्या बातम्यांत घुसला. तिथे इंजिनियर मंडळींनी ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या लिंकची फ्रिक्वेन्सी पटकन बदलली आणि त्याला अर्ध्या मिनिटाच्या आत हाकललं. दोनेक तासांनी डब्ल्यूटीटीडब्ल्यूवर ‘डॉक्टर हू’ चालू असताना तो परत आला. तिथे ट्रान्समीटरपाशी कोणीच नव्हतं, त्यामुळे जवळपास दीड मिनिट धिंगाणा चालला. तोही सापडला नाही.

पण सगळेच सुटत नाहीत. १९८६ मध्ये ‘कॅप्टन मिडनाइट’ या नावाने एचबीओच्या सिनेमावर महिन्याच्या १२.९५ डॉलर फीविरुद्ध निषेध झळकवणारा जॉन मॅकडूगल पकडला गेला. तो सॅटेलाइटला सिग्नल पाठवणाऱ्या केंद्रातच कामाला होता. एवढी ताकदवान डिश आणि पडद्यावरची ती विशिष्ट अक्षरं उमटवणारं मशीन असलेल्या जागा मोजक्याच. तपास तिथूनच त्याच्यापर्यंत आला. ५००० डॉलर दंड झाला.

आणि नेटवर फेमस असलेला, भयाण चेहऱ्यांचा ‘वायोमिंग इन्सिडंट’? तो चक्क रचलेला आहे. तसं काही प्रक्षेपण झालंच नाही, तो इंटरनेटवरच्या कोड्याच्या खेळाचा भाग होता. तरी ‘खरे हायजॅक’ म्हणून यादीत शिकागोच्या शेजारी बसतो.

फरक कसा ओळखायचा? खऱ्या घटनेमागे कंटाळवाणे कागद असतात: दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र, चॅनेलची माफी, सरकारी तपास. बनावट व्हिडिओकडे फक्त भीती असते. आणि खरी घटनासुद्धा आतला संदेश खरा ठरवत नाही. हॅनिंग्टनचा सिग्नल खरोखर पळवला होता, एलियन तेवढा खोटा होता.

फॅमिली ग्रुपवर पुढच्या वेळी ‘न्यूज चॅनेलवर दाखवलंय’ म्हणून क्लिप आली की हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं गृहीत धरू नका.

चला, भेटू पुढच्या भागात!