पाणचक्की, औरंगाबादची

पाण्याच्या धारेने फिरणारी धान्य दळण्याची ऐतिहासिक चक्की. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहरात खाम नदीच्या काठी, मेहमूद दरवाजालगत, नक्शबंदी पंथाचे सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. बाबा शाह मुसाफिर हे मूळचे बुखाऱ्याजवळील घुजदवान या गावचे. त्यांच्या तकियात फकीर, विद्यार्थी व वाटसरू यांचा सतत राबता असे आणि या सर्वांच्या अन्नासाठी लागणारे पीठ येथे दळले जाई. चक्कीच्या बांधकामाचे श्रेय निजामुल्मुल्क आसफजाह याच्या पदरीचा सरदार तुर्कताजखान यास देतात व त्याचा काळ सु. १७४४ मानला जातो. पुढे सु. वीस वर्षांनी जमीलबेगखान याने आवारातील लांबट हौद व कारंजी यांची भर घातली.

पाणचक्कीचे खरे महत्त्व चक्कीपेक्षा तिच्या पाण्यात आहे. मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी (नंतरचे औरंगाबाद) वसविले व शहरासाठी भूमिगत नहर आणला. त्याच तंत्राच्या परंपरेत पुढे आणखी नहर निघाले. पाणचक्कीचा नहर त्यांपैकी एक असून तो सु. ८ किमी. अंतरावर, हर्सूल नदीला तिचा एक उपप्रवाह मिळतो तेथील विहिरीपासून सुरू होतो. पाणी खापरी नळांतून केवळ उताराने वाहत येते आणि बंद नळातील दाबामुळे चक्कीजवळच्या उंच दगडी भिंतीत वर चढते. पाणी आपली पातळी शोधते, एवढ्याच तत्त्वावर ही सारी योजना उभी आहे. भिंतीच्या माथ्यावरून ते हौदात कोसळते आणि त्याचा एक भाग चक्कीकडे वळविला जातो. मशिदीपुढील हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छत होय. वर पाणी असल्याने हे दालन उन्हाळ्यातही थंड राहते.

चक्कीची रचना अगदी साधी आहे. दळणघराखाली लोखंडी पात्यांचे आडवे चाक असून त्याचा उभा आस वर जाऊन जात्याच्या वरच्या तळीला जोडलेला आहे. उंचावरून आलेली धार पात्यांवर आदळली की चाक आणि तळी एकाच वेगाने फिरतात. मध्ये दंतचक्र नाही. हिमालयातील घराटही याच जातीचे.

समकालीन इंग्लिश पवनचक्कीशी तुलना केल्यास हा साधेपणा उठून दिसतो. इंग्लंडमधील पवनचक्क्यांचे उल्लेख बाराव्या शतकाच्या अखेरीपासून (यॉर्कशर, ११८५) मिळतात. तेथील जुन्या चक्कीत लाकडी खोलीच एका जाड खांबावर तोललेली असे व वारा फिरला की चक्कीवाला लांब दांड्याने सबंध खोली वाऱ्याच्या तोंडी वळवीत असे. केंब्रिजशरमधील बोर्न येथे सतराव्या शतकातील अशी चक्की अद्याप उभी आहे. शिडांचा आस आडवा, तर जात्याचा उभा असल्याने मोठी लाकडी दंतचक्रे अपरिहार्य ठरत. १७४५ मध्ये एडमंड ली याने मागे लहान पंखा लावून चक्की आपोआप वाऱ्याकडे वळविण्याच्या योजनेचे एकस्व घेतले. पाणचक्कीचा मानला जाणारा काळही जवळपास हाच. इंग्रज कारागिराची सारी बुद्धी चंचल वाऱ्याला यंत्रात पकडण्यात खर्ची पडली. येथे ती मैलोगणती जमिनीखाली, पाणी आणण्यात. यंत्राच्या गुंतागुंतीवरून दोन्हीकडच्या कौशल्याची प्रतवारी लावणे म्हणूनच गैर आहे.

महाराष्ट्रात अशा चक्क्या विरळाच राहिल्या. पठारावरील बहुतेक नद्यांना बारमाही धार नसते. शिवाय बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होत असल्याने ते घरोघर ताजे दळण्याची रीत होती. हे काम पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांचे. पाणचक्कीने त्यांचे श्रम कमी केले, असे म्हणता येत नाही. तिचा लाभ तकियाच्या स्वयंपाकघरापुरता होता. घरातील जाते थांबले ते विसाव्या शतकात, तेलावर व विजेवर चालणाऱ्या गिरण्या गावोगाव आल्यावर.

आज पाणचक्की हे मुख्यत्वे पर्यटनस्थळ असून चक्की प्रवाशांना दाखविण्यापुरती फिरते. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही याच परिसरात आहे. नहराच्या मार्गावर शहराची वस्ती पसरली असून बांधकामांनी व रस्त्यांनी खापरी नळांना अनेक ठिकाणी धोका पोहोचला आहे. नहर कोरडा पडल्यास चाकाची कितीही दुरुस्ती केली तरी ते फिरणार नाही. जतनाचे काम म्हणून विहिरीपासून सुरू करावे लागते.