अतिदक्षता विभागातील भौतिकोपचार आणि रक्तवाहिनीतील नळ्या
अंथरुणाला खिळलेल्या अत्यवस्थ रुग्णाचे स्नायू काही दिवसांतच क्षीण होऊ लागतात. तरीही जांघेतील रक्तवाहिनीत नळी असली की रुग्णाला हलवणे टाळले जात असे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अशा १०१ रुग्णांना भौतिकोपचाराची २५३ सत्रे देण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नळीमुळे एकही अपाय नोंदला गेला नाही.

खरी दक्षता अन्यत्र हवी. धमनीतील नळीद्वारे रक्तदाब मोजणारा ट्रान्सड्युसर हृदयाच्या पातळीत असावा लागतो. रुग्ण उठून बसला आणि ट्रान्सड्युसर दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे साडेसात मिलिमीटरने अधिक दिसतो. प्रत्यक्षात दाब घसरत असला तरी पडद्यावरील आकडा निर्धोकच भासतो.