तळटीप : सिग्नल जनरेटरला दिलेली आज्ञा

१. लेखकाने इथे आज्ञा नुसती उतरवली आहे, म्हणून थोडा खुलासा. मालवण-देवगडच्या नौकांवरचा व्हीएचएफ रेडिओ वाहिनी १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झवर, कान लावून असतो. दुरुस्तीच्या टेबलावर याच फ्रीक्वेन्सीचा सिग्नल जनरेटरमधून देतात. जनरेटर संगणकाला जोडलेला असला की एक ओळ पुरते : 'फ्रीक्वेन्सी', मोकळी जागा, '१५६.८ मेगाहर्ट्‌झ'. ही १९९० साली ठरलेली 'स्किपी' पद्धत. त्याआधी कंपनीगणिक आज्ञा निराळ्या; उपकरण बदलले की प्रोग्रॅम नव्याने लिहा. स्किपीने हा जाच पुष्कळ कमी केला, हे तिचे खरे मोल. अपूर्णविरामाने आज्ञेची पुढची पायरी गाठतात; शेवटी प्रश्नचिन्ह दिले की उपकरण उत्तर देते. लांब इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरे चालतात. चौथे स्वर असेल तर तीनच, म्हणून 'पॉवर'चे 'पीओडब्ल्यू'. सहसा 'एम' म्हणजे मिली, पण हर्ट्‌झआधी मेगा. नवशिके इथे हमखास अडखळतात. आज्ञा दिल्यावर 'सिस्टिम : एरर ?' विचारावे, शून्य आले तरच पुढे जावे. वाहिनी १६ संकटातल्या हाकेसाठी आहे. वाचकांनी हा प्रयोग अँटेना जोडून कदापि करू नये. — संपादक