रेसर्पिन

रेसर्पिन : सर्पगंधेच्या मुळांत आढळणारे, मेंदू व रक्तदाब यांवर परिणाम करणारे अल्कलॉइड. सर्पगंधा (रौवोल्फिया सर्पेंटिना, म. अडकई) हे करवीर कुलातील लहान झुडूप आहे. त्याची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलांत येतात. फुले पांढरी असून त्यांची नळी लालसर असते. पिकलेली फळे जांभळट काळी, तर मूळ अत्यंत कडू असते. उन्माद व निद्रानाशावर हे मूळ भारतात पूर्वीपासून दिले जाई.

इतिहास : गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाची माहिती प्रसिद्ध केली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबाच्या रुग्णांवरील अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात आला आणि या मुळाकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी रेसर्पिन शुद्ध रूपात वेगळे केले.

मेंदूवरील क्रिया : डोपामीन, नॉरअॅड्रेनॅलीन व सेरोटोनीन हे संदेशवाहक पदार्थ चेतापेशींच्या टोकाशी सूक्ष्म पुटिकांत साठवलेले असतात. ते पुटिकांत भरणाऱ्या वाहक प्रथिनाला रेसर्पिन घट्ट चिकटते व त्याचे काम बंद पाडते. पुटिकांबाहेर राहिलेल्या पदार्थांचे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर विघटन करते. साठा असा रिकामा झाल्याने मन शांत होते व रक्तदाब उतरतो. नवे वाहक तयार होईपर्यंत साठा भरत नाही. म्हणून औषध थांबवल्यावरही परिणाम काही दिवस टिकतो.

दुष्परिणाम : गुंगी, नाक चोंदणे, जुलाब, तसेच मोठ्या मात्रेत कंपवातासारखा ताठरपणा. काही रुग्णांत खिन्नता दिसल्याने नैराश्याचा संबंध या संदेशवाहक पदार्थांच्या कमतरतेशी जोडला गेला. मात्र रेसर्पिनमुळे नैराश्य येतेच, याबद्दल मतभेद आहेत.

संशोधनातील महत्त्व : स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल पडले. ज्यापासून शरीरात डोपामीन बनते ते एल-डोपा टोचल्यावर थोड्या वेळात ते हालचाल करू लागले. डोपामीन हा स्वतंत्र संदेशवाहक असल्याचे यातून दिसले आणि कंपवातावर एल-डोपा वापरण्याची वाट मोकळी झाली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

सद्यस्थिती : अधिक सुरक्षित औषधे आल्याने रेसर्पिनचा वापर फार कमी झाला आहे. रेसर्पिन ज्या वाहक प्रथिनावर काम करते त्यावरच, पण अल्पकाळ काम करणारे टेट्राबेनाझीन हंटिंग्टन रोगातील अनैच्छिक हालचालींवर देतात. औषधासाठी झुडूप मुळासकट उपटावे लागत असल्याने रानटी सर्पगंधा घटली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.