जुनं रिव्हॉल्वर घेताय? आधी कागद बघा, हत्यार मागून

युसूफ वडगाव (ता. केज) : आपल्याकडं जुना ट्रॅक्टर कसा घेतात ते सगळ्यांना माहीत आहे. इसार दिला, बाँडवर सह्या झाल्या, ट्रॅक्टर दारात आला. नावावर करायचं काम मग दोन-दोन वर्षं राहून जातं. रिव्हॉल्वरचा व्यवहार असा केला तर देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. बाँडवर हत्यार नावावर होत नसतं.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची छाननी झाली आणि बऱ्याच जणांचे परवाने गेले. त्यामुळं "स्वस्तात देतो" असं कोणी म्हणालं, तर त्याचा परवाना आज चालू आहे का, हा पहिला प्रश्न विचारा.

आधी स्वतःचा परवाना

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडं, म्हणजे बीडच्या कलेक्टर ऑफिसला करावा लागतो. चौकशी आपल्या पोलीस ठाण्यामार्फत होते. वय २१ पूर्ण लागतं. परवाना पाच वर्षांचा असतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. अर्ज नामंजूर झाला तर विभागीय आयुक्तांकडं अपील करता येतं.

रानडुकरासाठी रिव्हॉल्वर मागू नका. पिकाच्या राखणीसाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे.

४५ दिवसांचा नियम

शस्त्र कायदा १९५९, कलम ५. परवानाधारकाला स्वतःचं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं. पण विकणाऱ्यानं आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं. कोणाला विकतोय त्याचं नाव-पत्ता त्यात द्यायचा. त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. तोवर हत्यार ताब्यात घ्यायचं नाही, "चार दिवस बघायला" म्हणूनसुद्धा नाही. त्या अर्जाची पोच मिळाली की झेरॉक्स आपल्याकडं ठेवा. हत्यार हातात आल्यावर ते दाखवून आपल्या परवान्यावर नोंद करून घ्या.

मयताचं हत्यार

शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्याचा मला फोन आला. चुलते वारून दोन वर्षं झालेली, रिव्हॉल्वर घरात पेटीत, गिऱ्हाईकही तयार. मी म्हणालो, "भाऊ, गिऱ्हाईक राहू दे, उद्या सकाळी आधी ठाण्यात जमा कर." त्याला वाटत होतं, घरातलीच वस्तू आहे, त्यात काय! पण परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. माणूस गेला, मुदत संपली किंवा परवाना रद्द झाला, की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावं लागतं. वारसाचा हक्क बुडत नाही. मुदतीच्या आत त्याला स्वतःचा परवाना काढून ते परत घेता येतं, नाहीतर दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं. मुदत गेली तर ते सरकारजमा होऊ शकतं.

हत्यार कसं पाहावं

सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीला मागचा घोडा अंगठ्यानं ओढावा लागतो. नुसता चाप दाबून ते चालत नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर दोन्ही पद्धतींनी चालतं.

- सगळ्यात आधी सिलेंडरची सगळी घरं रिकामी आहेत का ते स्वतः बघा. विकणारा "रिकामंच आहे" म्हणाला तरी बघा.
- हत्यारावरचा नंबर, मेक आणि बोअर परवान्यावरच्या नोंदीशी अक्षर न अक्षर जुळवा. नंबर घासलेला दिसला तर तिथंच हात जोडून उठा.
- घोडा हळू ओढा. प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन घट्ट बसलं पाहिजे. सिलेंडर डुगडुगत असेल तर झीज झालेली आहे.
- घोडा ओढलेला असताना तो अंगठ्यानं पुढं ढकलून बघा. चाप न दाबता सुटला तर ते हत्यार घेऊ नका.
- नळीत उजेड धरून बघा. गंज, खड्डे, फुगवटा नको.

जुन्या बनावटीच्या सिंगल ॲक्शनमध्ये घोडा काडतुसावर टेकलेला राहतो. असं हत्यार हातातून पडलं तर गोळी सुटू शकते. म्हणून जुने जाणकार घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात, सहा घरांत पाचच गोळ्या. शेवटी परवानाधारक गनस्मिथला दाखवूनच सौदा करा.

चुकलं तर

विनापरवाना हत्यार बाळगलं तर दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड. बेकायदा विकणाऱ्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. गावठी कट्ट्याला तर परवाना नसतोच, तो फुकट मिळाला तरी महागच. लग्नात-वरातीत बेफिकीरपणे हवेत बार काढला तर परवाना असूनही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याचा रील टाकणं म्हणजे पुरावा आपणच ठाण्यात नेऊन देणं.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आपला परवाना, त्याचा परवाना, लेखी अर्ज, ४५ दिवस, तपासणी, आणि मग हत्यार. पैसे सगळ्यात शेवटी.